सर गेले, कपाट उरलं: मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचं काम मागे कसं जपावं

कॉलेजातले मानसशास्त्राचे सर किंवा मॅडम गेल्या की पुढचं सगळं ठरलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात जोडलेले हात, दुसऱ्या दिवशी पेपरात पासपोर्ट फोटोसह चार ओळी, द्वारदर्शनाला, म्हणजे घरी सांत्वनाला गर्दी, दशक्रियेला पुण्या-नाशकाहून आलेले जुने विद्यार्थी, महिनाभराने शोकसभा. हे व्हायलाच हवं. पण त्याच महिन्यात घरातलं कपाट रिकामं व्हायला लागतं. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, काकूंना एकटीने एवढं घर सांभाळणं जमणार नसतं. मग कुणीतरी म्हणतं, "हे कागद काय करायचे?" आणि रद्दीवाला तागडी घेऊन दारात येतो.

खानदेशात मानसशास्त्र शिकवणारी एक मोठी पिढी आता जाते आहे. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही कॉलेजं १९४५ सालची. पुढे तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. सत्तरच्या दशकात तिथे रुजू झालेले शिक्षक आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. यातल्या बहुतेकांवर पुस्तक निघणार नाही. त्यांचं जे काही आहे ते प्रात्यक्षिकांच्या वह्यांत, हाताने काढलेल्या मानक-तक्त्यांत (कसोटीतले गुण कशाशी ताडायचे ते आकडे) आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात आहे.

मागे राहिलेलं काम सांभाळणं खानदेशाला नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांचे दप्तर-कागद जपायला १९२७ साली तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून ठेवली होती, म्हणून १९५२ साली ती छापून आली.

इतिहासकाराच्या आणि मानसशास्त्रज्ञाच्या कपाटात एक फरक मात्र आहे आणि या लेखातली सगळी खटपट त्या फरकापायीच आहे. राजवाड्यांच्या कागदांतलं जवळजवळ सगळं लोकांसमोर ठेवता येतं. मानसशास्त्राच्या सरांच्या कपाटात मात्र लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीही असतात. त्यामुळे काही कागद उघडे ठेवावे लागतात, काही कुलपात आणि काही विचार करून नष्ट करावे लागतात. हे न कळता सगळं जाळलं तरी नुकसान आणि सगळं प्रदर्शनात मांडलं तरी नुकसान.

जाळल्याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. लंडनचे मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट ऑक्टोबर १९७१ मध्ये वारले. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्धिमत्तेवर त्यांचं मोठं नाव होतं. ते गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या घरातले बरेच कागद जाळले गेले. १९७४ साली लिऑन कॅमिन या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की बर्ट यांच्या लेखांत जुळ्यांच्या जोड्या २१ वरून ५३ वर गेल्या तरी सहसंबंधाचा आकडा (जुळ्यांचे गुण एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा) तिसऱ्या दशांशापर्यंत तोच, ०.७७१. जोड्या वाढल्यावर तो थोडा तरी हलायला हवा होता. लबाडी होती की गबाळेपणा, यावर अजून वाद चालू आहे आणि तो आता मिटणारही नाही, कारण मूळ कागदच नाहीत.

उलट उदाहरण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांचं. ते १४ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या १९७१ सालच्या त्यांच्या स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगाची ध्वनिमुद्रणं आणि कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेले होते. तेच धुंडाळून तिबो ल तेक्सिए या फ्रेंच अभ्यासकाने २०१९ साली त्या प्रयोगावर सडकून टीका केली. झिंबार्डोंच्या चाहत्यांना ते झोंबलं असेल. पण संशोधकाचं काम मूळ कागदांवरून तपासता येतं, याला मी त्याचा मानच समजतो.

आता कामाला लागू.

पहिले पंधरा दिवस: काही करायचं नाही, फक्त थांबवायचं

तीन माणसं ठरवा. घरातलं एक, विभागातलं एक, जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक. समिती, अध्यक्ष, कोषाध्यक्ष वगैरे नको. त्यात महिना जातो आणि माणसं रुसतात ती वेगळीच.

द्वारदर्शनाला जाल तेव्हा काकूंशी (किंवा मॅडम गेल्या असतील तर सरांशी) या विषयावर एकच वाक्य बोला: "वह्या-कागद, लॅपटॉप, मोबाइल सध्या कुणाला देऊ नका, टाकू नका, आम्ही सवडीने येतो." बस. गंधमुक्ती, उत्तरकार्य होईपर्यंत कपाटाला हात लावू नका. सगळ्या घरांची रीत सारखी नसते. चालिसावा पाळणारं घर असेल, नंदुरबारकडचं आदिवासी घर असेल, तर तिथली रीत विचारून घ्या आणि त्या दिवसांच्या पुढे जा.

कॉलेजातल्या केबिनसाठी प्राचार्यांना साधं पत्र द्या, की यादी होईपर्यंत टेबल-कपाट उघडू नये. सेवेत असताना गेलेल्या शिक्षकाची केबिन आठवड्याभरात दुसऱ्याला मिळते आणि खणातलं सगळं खोक्यात भरून जिन्याखाली जातं. तिथून ते परत येत नाही.

मोबाइलचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते, त्यामुळे ड्राइव्हवरचे लेख आणि ईमेल यांना मुदत आहे हे लक्षात ठेवा. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी घरच्यांनी गूगलकडे अर्ज करायची सोय आहे. तो अर्ज घरच्यांनीच करायचा, विद्यार्थ्याला पासवर्ड माहीत असला तरी त्याने आत शिरायचं नाही.

एक काम मात्र लगेच: जे सरांकडे बोलायला येत होते ते

शोकसभेच्या गडबडीत हे हमखास राहतं. सर कॉलेजच्या समुपदेशन कक्षात बसत असतील, किंवा घरी संध्याकाळी कुणाकुणाला वेळ देत असतील, तर काही माणसं अर्ध्या वाटेवर आहेत. पुढच्या गुरुवारी पाच वाजता येणाऱ्या मुलीला सर गेल्याचं चौकातल्या फ्लेक्सवरून कळू नये.

सरांची भेटींची डायरी एकाच माणसाने बघावी, शक्यतो समुपदेशनाचं प्रशिक्षण असलेल्याने. पुढच्या महिन्याभरातल्या भेटी तेवढ्या काढाव्यात, मागची पानं चाळू नयेत. प्रत्येकाला फोन करावा, मेसेज पाठवू नये. खेड्यात एक फोन घरातले चौघं वापरतात आणि "तुम्ही सरांकडे समुपदेशनाला येत होतात" हा मेसेज आधी सासऱ्याच्या हातात पडतो. दुसऱ्याच कुणी फोन उचलला तर "कॉलेजातून बोलतोय, त्यांच्याशी काम होतं, नंतर करतो" एवढंच. योग्य माणूस फोनवर आला की बातमी सरळ सांगा, घाई करू नका, आणि पुढे कुणाकडे जाता येईल याचं एक नाव आणि वेळ त्याच फोनवर द्या. कुणी आसपास नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग आहे, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा आहे: १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतूनही.

या मंडळींना शोकसभेत "सरांनी तुम्हाला कसं सावरलं ते सांगा" असं म्हणून उभं करू नका. कुणी आपणहून बोललं तर तो त्यांचा निर्णय.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठी, कारणांचे अंदाज यातलं काहीही लेखात किंवा भाषणात नको. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ साली वृत्तपत्रांना हेच सांगितलं आहे. विद्यार्थ्यांशी मात्र त्या आठवड्यात वर्गात बसून बोलायला हवं, आणि बोलणारा माणूस तयारीचा हवा.

मृत्युलेख: आधी तारखा, मग विशेषणं

पेपरला पाठवायच्या मजकुरात सगळ्यात जास्त चुका जन्मतारखेत होतात. त्या पिढीतल्या अर्ध्या मास्तरांचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच तारीख सेवापुस्तकात गेली. घरी विचारा, आषाढातला जन्म आहे की पोळ्याच्या दिवशीचा. कळलं तर दोन्ही नोंदवा, नाही कळलं तर वर्ष पुरे.

दुसरी चूक विद्यापीठाची. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे १९८४ साली पीएच.डी. झालेल्या सरांच्या नावापुढे जळगावचं विद्यापीठ लिहिलं तर ते चूक. प्रबंधाचं शीर्षक प्रबंधाच्या पहिल्या पानावरूनच उतरवा. "किशोरवयीनांवर संशोधन केले" यापेक्षा "यावल तालुक्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांची चिंता-पातळी" अशी एक ओळ असेल, तर तीस वर्षांनी शोधणाऱ्याला ती सापडते.

"ऋषितुल्य", "व्यासंगी", "विद्यार्थिप्रिय" हे शब्द सगळ्यांनाच लागतात, म्हणून कुणालाच लागत नाहीत. त्याऐवजी एक घडलेली गोष्ट लिहा. तोंडी परीक्षेत घाबरून गप्प झालेल्या पोराला सर "काय व्हयनं रे?" असं अहिराणीत विचारायचे आणि पोरगा बोलायला लागायचा. हे लिहिलं की विशेषण लागत नाही.

आजारपणाला किती जागा द्यायची? इथे एका दिवंगत प्राध्यापकाचंच संशोधन उपयोगी पडतं. डॅनिअल काहनेमन, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी आणि मुळात मानसशास्त्रज्ञ, २७ मार्च २०२४ रोजी गेले. वेदनादायी तपासणीतून गेलेल्या रुग्णांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने काम केलं होतं. त्यात असं दिसलं, की तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारसं वजन नसतं. सर्वांत वाईट क्षण आणि शेवटचा काळ यांवरच आठवण बेतली जाते. सरांचे शेवटचे तीन महिने अतिदक्षता विभागात गेले असतील तर घरचे आणि जवळचे विद्यार्थी तेच पुन्हा पुन्हा सांगतील. त्यांचं ऐकून घ्या. लेखात मात्र चाळीस वर्षांची नोकरी आधी आणि आजारपण एका वाक्यात. मृत्यूचं कारण छापायचं की नाही हे घरचे ठरवतील.

आठवणी गोळा करणं: सभेच्या आधी आणि एकेकाकडून

बहुतेक ठिकाणी आठवणी शोकसभेतच गोळा होतात आणि तिथेच बिघडतात. पहिला वक्ता जो किस्सा सांगतो त्याच वळणावर पुढचे आठ जण जातात. मानसशास्त्रात यावर प्रयोग झालेले आहेत. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ साली दाखवलं, की तीन माणसं एकत्र बसून आठवू लागली तर, तीच तीन माणसं वेगवेगळी बसून जेवढं आठवतात त्या बेरजेपेक्षा कमी निघतं. दुसऱ्याचं बोलणं आपला धागा तोडतं. म्हणून आधी एकेकट्याला भेटा, सभा नंतर.

भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एन्डेल टलव्हिंग, ११ सप्टेंबर २०२३ रोजी वारलेले स्मृतीचे मोठे अभ्यासक, त्यांनी डोनाल्ड थॉमसन यांच्याबरोबर १९७३ साली मांडलं, की गोष्ट मनात शिरताना जे सोबत होतं तेच समोर आलं तर ती बाहेर यायला सोपं जातं. "सरांविषयी काही सांगा" म्हटलं की "फार चांगले होते" एवढंच येतं. त्याऐवजी प्रयोगशाळेतलं आरसा-रेखनाचं उपकरण टेबलावर ठेवा. लाकडी पाटी, उभा आरसा, हात झाकणारा पत्रा आणि मधे तारकेची दुहेरी रेघ. आरशात बघून त्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. तारकेच्या ज्या कोपऱ्यात प्रत्येक पिढीचा हात अडला, तिथे रंग उडालेला असतो. ते हातात घेतलं की पन्नाशीतला माणूस आपणहून सांगायला लागतो: कुणाच्या किती चुका झाल्या, सर स्टॉपवॉच धरून काय म्हणाले, प्रात्यक्षिकाच्या वहीवर लाल शाईने काय लिहिलं.

कुणाकुणाला भेटायचं? पहिला आलेला विद्यार्थी भेटेलच. नापास झालेला शोधा. प्रयोगशाळेचे परिचर भाऊ, ज्यांनी पंचवीस वर्षं ती उपकरणं पुसली, त्यांना शोधा. ज्यांच्याशी सरांचं पटत नव्हतं त्या सहकाऱ्यालाही विचारा, निवृत्त झालेली माणसं बरंच मोकळं बोलतात. आणि काकू. त्यांना शेवटी आणि दोनदा भेटा.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण पुरतं. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि "हे मुद्रण जपायला तुमची हरकत नाही ना?" हे मुद्रणातच विचारून घ्या. पंखा बंद ठेवा (मे महिन्यात हे सांगायला धाडस लागतं, म्हणून हिवाळ्यात करा). अहिराणीत, लेवा बोलीत सांगितलं तर तसंच लिहून काढा, प्रमाण मराठीत सफाई करू नका. आणि कुणी बोलता बोलता तिसऱ्याची खासगी गोष्ट सांगितली, "त्या अमक्याच्या मुलीला सरांनी वाचवलं" वगैरे, तर लेखी उतारा काढताना तेवढा भाग गाळा.

कपाट

आता मुख्य काम. दिवस सुट्टीचा, माणसं तीनच, जमिनीवर सतरंजी. काहीही हलवायच्या आधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. सरांनी कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रमही माहिती असते: कुठल्या लेखासोबत कुठली पत्रं, कुठल्या सर्वेक्षणासोबत कुठली टिपणं. विषयवार लावण्याचा मोह आवरा. कप्पा एक, गठ्ठा एक, गठ्ठा दोन, अशा नोंदी एका वहीत करत चला.

मग तीन गठ्ठे.

पहिला, उघडा ठेवण्याचा. छापून आलेले लेख आणि त्यांची हस्तलिखितं, व्याख्यानांची टिपणं, प्रश्नपत्रिका, प्रबंध, परिषदांची कागदपत्रं, फोटो, सहकाऱ्यांशी झालेला विषयाचा पत्रव्यवहार. टिपणांना कमी लेखू नका. मराठीतून मानसशास्त्र शिकवताना १९७८ साली कुठले शब्द वापरले आणि कुठली उदाहरणं शेतातली घेतली, हे छापील पुस्तकात सापडत नाही. प्रबंध जुना असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात प्रबंध देण्याची सक्ती २००९ च्या नियमांनंतरची, त्यामुळे आधीचे कितीतरी तिथे नाहीत आणि घरातली प्रत ही शेवटच्या दोन-तीन प्रतींपैकी असू शकते.

दुसरा गठ्ठा दुसऱ्यांच्या वस्तूंचा. ग्रंथालयाचा शिक्का असलेली पुस्तकं परत. उपकरणं आणि कसोट्यांचे संच कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला, लावून बघा. भाटिया यांच्या १९५५ सालच्या कृती-कसोटीची (हाताने कामं करून घेऊन बुद्धिमत्ता मोजणारी कसोटी) पेटी घरी सापडली तर त्यातल्या पाचही उपकसोट्यांचे ठोकळे-पाट्या आहेत का ते मोजा, आणि पेटी सरांची की विभागाची हे ठरवा. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या बुद्धिमत्ता-कसोटीचं मराठी-कानडी रूपांतर केलं, त्याचे जुने संचही काही कपाटांत निघतात. कसोटीचं साहित्य, गुणांकनाच्या किल्ल्या, रोर्शाखच्या शाईच्या डागांची दहा कार्डं यांचे फोटो कौतुकाने फेसबुकवर टाकू नका. उत्तरं आधी बघितलेल्या माणसावर ती कसोटी पुन्हा चालत नाही.

तिसरा गठ्ठा बंद. समुपदेशनाच्या नोंदी, नाव असलेल्या उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकासाठी लिहिलेले व्यक्ती-अभ्यास, पालकांची पत्रं. हे वाचायचं नाही. पहिल्या पानावरून काय आहे एवढं कळलं की पाकिटात घालून मोहोर. इथे घरचे लोक दुखावतात, "आमच्याच घरातले कागद आम्हीच वाचायचे नाहीत?" त्यांना शांतपणे सांगा, की ज्याने सांगितलं त्याने सरांना सांगितलं, घराला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २३व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कायद्याच्या चौकटीत न बसणाऱ्या कॉलेजातल्या समुपदेशनालाही तोच संकेत लागू करावा.

किती वर्षं ठेवायचं? अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक सोपा आडाखा आहे: प्रौढाची नोंद शेवटच्या भेटीनंतर सात वर्षं, अल्पवयीनाची तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर. त्याहून जुनं ते नष्ट करायला हरकत नाही, पण रद्दीत नाही. भुसावळच्या बाजारात भजी कुणाच्या घटस्फोटाच्या कहाणीत बांधून मिळू नयेत. दोघांच्या समोर फाडून जाळा आणि वहीत नोंद करा: "१९९२ ते २००५ या काळातल्या समुपदेशन नोंदी, अंदाजे दोन पेट्या, अमुक तारखेला नष्ट", खाली दोन सह्या. नावं नाहीत. बर्ट यांच्या कागदांबाबत अशी नोंदसुद्धा नव्हती, नाहीतर निदान काय गेलं ते तरी कळलं असतं.

संशोधनाच्या मूळ प्रश्नावल्या मात्र जाळू नका. त्यावर नाव असेल तर ती वरची पट्टी कापून घ्या, प्रत्येक प्रश्नावलीला क्रमांक द्या आणि पट्ट्या नष्ट करा. खेड्यांच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. "चोपडा तालुका, गावाची लोकसंख्या नऊशे, गावातली पहिली पदवीधर मुलगी" असं लिहिलेलं असेल तर नाव नसलं तरी गावाला कळतंच. गावाचं नाव आणि असे ओळख पटवणारे तपशील काढून तालुका तेवढा ठेवा.

कागद टिकवण्याबद्दल थोडक्यात. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, गंजलेल्या टाचण्या-स्टेपल काढून टाका. स्वच्छ सुती कापडाचा बस्ता अजूनही उत्तम. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत कागद कडकडीत होतो आणि पावसाळ्यात वाळवी येते, तेव्हा खोली पक्क्या छताची, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा रिकामा. स्कॅन ३०० डीपीआयला करा, फाइलचं नाव वर्षाने सुरू करा. एक प्रत गावात, एक प्रत दुसऱ्या शहरात.

कुठे द्यायचं आणि कुणाच्या परवानगीने

सरांच्या लेखनाचा हक्क वारसांकडे जातो आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. त्यामुळे विद्यार्थ्यांनी परस्पर टिपणं स्कॅन करून वाटू नयेत, एका कागदावर वारसांची संमती घ्यावी. सरांना आलेल्या पत्रांचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा असतो. हे फार जण विसरतात.

उघडा गठ्ठा कॉलेजच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या, पण देणगीपत्र करून. त्यात यादी, कोण बघू शकेल, काय किती वर्षं बंद राहील, आणि संस्थेला नको झालं तर आधी घरच्यांना विचारायचं, हे चार मुद्दे हवेत. पत्राशिवाय दिलेली पुस्तकं जागेच्या अडचणीत पहिली निघतात. मोठ्या विषयासाठी मोठा संग्रह कसा असतो याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात १९६५ साली मानसशास्त्राच्या इतिहासाचा संग्रह सुरू झाला, तो बघावा. वरून हुकूम आला तर माणूस दुसऱ्याला किती इजा करतो, हे बघणाऱ्या मिलग्रम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातलं विजेच्या धक्क्याचं खोटं यंत्र तिथे जपलेलं आहे. आपल्याकडे निदान एक कपाट, एक पाटी आणि एक यादी एवढं तरी होऊ शकतं.

सभा आणि निधी

सभेबद्दल फार लिहीत नाही. वक्ते पाच, प्रत्येकी सात मिनिटं, घंटी वाजवायला निगरगट्ट माणूस. पाहुण्यांच्या सत्काराला शोकसभेत जागा नसते, मग ते आमदार असले तरी. शक्य असेल तर सभेनंतर प्रयोगशाळा उघडी ठेवा आणि आलेल्यांना सरांचा एखादा आवडता प्रयोग करू द्या. तासभर तिथून कुणी हलत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या विद्यापीठ परीक्षा आणि एप्रिल-मेचं ऊन टाळा.

निधी गोळा झाला की सुवर्णपदकाची टूम निघते: मानसशास्त्रात सर्वाधिक गुण. माझं मत याच्या विरुद्ध आहे. पहिल्या आलेल्याला आधीच तीन पदकं असतात. त्याऐवजी दरवर्षी एका विद्यार्थ्याला क्षेत्रकामाचा खर्च द्या. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या मुलीने आपल्या गावातल्या मुलांवर एखादी कसोटी घेतली, अहिराणीत किंवा पावरी बोलीत सूचना कशा द्याव्यात हे लिहून ठेवलं, तर पुढच्या माणसाच्या हाती काहीतरी लागतं.

हिशेब आधीच मांडा. दोन लाख रुपये मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला तेरा हजार. त्यातले नऊ हजार द्या, चार हजार मुद्दलात टाका, नाहीतर पंधरा वर्षांनी त्या रकमेत एसटीचा पासही निघणार नाही. व्याजदर उतरला तर रक्कम कमी करायची की वर्षाआड द्यायची, हे ठरावातच लिहा. ठेव संस्थेच्या नावावर, देणगीदाराला प्राप्तिकरात सवलतीची पावती मिळते का ते विचारून, आणि निवड समितीत घरचं एक माणूस. निकष एका पानात बसले पाहिजेत.

मराठी विकिपीडियावर लेख करायचा असेल तर तो मुलाने किंवा लाडक्या विद्यार्थ्याने लिहू नये. स्वतंत्र छापील संदर्भ हाताशी असतील तरच तो टिकतो, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत नसतात. त्यापेक्षा वरची सगळी मुद्रणं आणि यादी ग्रंथालयात असणं जास्त उपयोगाचं.

वर्षश्राद्धाच्या सुमारास त्या तिघांनी पुन्हा एकदा जमावं. बाहेरगावची प्रत लावून बघावी, ती उघडते का. कपाटाच्या मागची भिंत वाळवीसाठी तपासावी. ठेवीची पावती कुणाकडे आहे आणि नूतनीकरण झालं का ते विचारावं. तिघांपैकी कुणी गाव सोडणार असेल तर त्याच्या जागी विद्यार्थ्यांपैकी वयाने लहान माणूस घ्यावा आणि कपाटाची किल्ली त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावी.